सरासरीला पत्ता नसतो

३० डिसेंबर २०२४ रोजी मुंबई महापालिकेने एक वेगळाच निर्णय जाहीर केला. भायखळा आणि बोरिवली पूर्व या दोन भागांत हवेचा गुणवत्ता निर्देशांक सतत २००च्या वर राहत होता, म्हणून तिथली सगळी बांधकामं थांबवायची. सगळ्या शहरातली नव्हे, फक्त या दोन भागांतली. त्याआधी ऑक्टोबर २०२३मध्ये पालिकेने जी नियमावली काढली होती ती कुलाब्यापासून दहिसरपर्यंत सरसकट होती: मोठ्या बांधकामांभोवती ३५ फुटी पत्रे, वर हिरवं कापड, पाण्याचे फवारे, राडारोडा झाकून नेणारे डंपर. डिसेंबरच्या निर्णयात मात्र हवेला पहिल्यांदाच पत्ता मिळाला. काही दिवसांत हवा सुधारली, निर्बंध उठले आणि बातमी मागे पडली. पण त्या निर्णयात एक गोष्ट दडलेली होती, तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. भायखळ्यात २००चा आकडा दिसला, कारण भायखळ्यात तो दाखवणारं यंत्र होतं. ज्या वस्तीत यंत्रच नाही, तिथला निर्देशांक २००च्या वर जाऊच शकत नाही. तिथली हवा कागदावर वाईट ठरण्याची सोयच नाही.

मुंबईत अशी स्वयंचलित मोजणी केंद्रं सुमारे ३० आहेत. काही महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची, काही पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१५मध्ये 'सफर' प्रकल्पात उभारलेली, आणि अलीकडची पाच महापालिकेची. देशातल्या बहुतेक शहरांच्या मानाने ही चैनच म्हणायची. पण २०११च्या जनगणनेतली १ कोटी २४ लाखांची मुंबई या यंत्रांत वाटली, तर एका यंत्राच्या वाट्याला चार लाख माणसं येतात. म्हणजे अख्ख्या अकोल्याला एक यंत्र. शिवाय ही यंत्रं कुठे ठेवायची याचे नियम आहेत, आणि ते एका परीने योग्यही आहेत. हवा आत ओढणारं तोंड जमिनीपासून ढोबळ मानाने तीन ते दहा मीटर उंच असावं, वर आकाश मोकळं असावं, शेजारी धुराडं नसावं, झाडाची फांदी आड येऊ नये. हेतू असा, की यंत्राने एखाद्या चुलीचा किंवा एखाद्या ट्रकचा धूर न मोजता परिसराची सर्वसाधारण हवा मोजावी. पण माणसं सर्वसाधारण हवेत राहत नाहीत. ती चुलीशेजारी, ट्रकमागे, सिग्नलला, दीड मीटर उंचीवर श्वास घेतात. बाबागाडीतलं किंवा बोट धरून चालणारं मूल तर सायलेन्सरच्याच पातळीवर असतं.

यापुढे येतं निर्देशांकाचं अंकगणित. एप्रिल २०१५मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय निर्देशांक आठ प्रदूषकांवर बेतलेला आहे. प्रत्येकाचा वेगळा पोटनिर्देशांक काढायचा आणि त्यातला सर्वांत वाईट तो त्या केंद्राचा आकडा मानायचा. ही पद्धत चांगली आहे, कारण एका घटकाची घाण दुसऱ्याच्या स्वच्छतेआड लपत नाही. गंमत अशी, की घटकांच्या बाबतीत पाळलेलं हे शहाणपण जागेच्या बाबतीत सोडून दिलं जातं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या रोजच्या पत्रकात शहराचा आकडा येतो तो सगळ्या केंद्रांची सरासरी म्हणून. समजा एका टोकाला ६० आहे आणि दुसऱ्या टोकाला २६०, तर शहर १६० वर, म्हणजे 'मध्यम' वर्गात बसतं. त्या दिवशी त्या शहरात १६०ची हवा कदाचित कुणाच्याच नाकात गेलेली नसते. धूलिकणांच्या बाबतीत तर आधीच चोवीस तासांची सरासरी काढलेली असते. तिच्यावर ही दुसरी. पहाटेचे तीन तास आणि पूर्वेकडची वस्ती अशा दोन्ही गोष्टी एकाच दमात पुसल्या जातात.

पहाटेच्या त्या तीन तासांत काय होतं, ते पाहायचं तर पावाच्या बेकरीकडे पाहावं. मुंबईच्या जुन्या बेकऱ्यांतली भट्टी विटांची, घुमटाकार असते. आत लाकूड पेटवून भट्टी तापवायची, निखारे बाजूला सारायचे, आणि लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने पावाच्या लाद्या आत सरकवायच्या. जळणासाठी साधं सरपणच येतं असं नाही. पाडलेल्या इमारतींच्या चौकटी, मोडलेलं फर्निचर, रंग आणि सरस लागलेलं प्लायवूड हे सगळं स्वस्तात मिळतं आणि तेच जळतं. सकाळी चहाबरोबर पाव हवा, तर भट्टी रात्री पेटलेली असावी लागते. आणि नेमकं त्याच वेळी, विशेषतः हिवाळ्यात, जमिनीलगतची थंड हवा झाकण ठेवल्यासारखी बसलेली असते. धूर वर जात नाही, गल्लीतच पसरतो, पहिल्या-दुसऱ्या मजल्यांच्या खिडक्यांतून घरात जातो. सकाळी नऊ वाजता ऊन चढलं की झाकण उघडतं आणि पुरावा नाहीसा होतो. जानेवारी २०२५मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर आणण्याचा आदेश दिला, तेव्हा पावाच्या किमतीची चर्चा भरपूर झाली. कुठली भट्टी किती घरांना धूर देते, ही चर्चा झाली नाही, कारण ती करायला लागणारा गल्ल्यांचा नकाशा कुणाजवळ नव्हता.

निदान धूर तरी निर्देशांकाच्या यादीत आहे. माहुलची गोष्ट त्याच्याही पलीकडची. चेंबूरच्या पूर्वेला, ठाण्याच्या खाडीच्या कडेला असलेलं हे मूळचं कोळ्यांचं गाव. १९५०च्या दशकात इथे आसपास दोन तेलशुद्धीकरण कारखाने आणि औष्णिक वीज केंद्र आलं, मग खतांचा कारखाना, रसायनांच्या साठवणुकीच्या टाक्या. 'चेंबूर म्हणजे गॅस चेंबर' ही कोटी मुंबईकरांच्या तोंडी फार जुनी आहे. केंद्रीय मंडळाने २००९मध्ये औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले तेव्हा चेंबूरला ६९.१९ मिळाले होते. ७०ला 'अतिगंभीर' वर्ग सुरू होत होता. माहुलच्या रहिवाशांची तक्रार मुख्यतः वासाची, डोळे चुरचुरण्याची, छाती दाटून येण्याची. केईएम रुग्णालयाच्या २०१३च्या पाहणीत ६७ टक्के लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागत असल्याचं सांगितलं. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५च्या निकालात ही पाहणी विचारात घेतली आणि इथल्या हवेपासून रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचं स्पष्ट म्हटलं. हा त्रास ज्यांच्यामुळे होतो ती द्रव्यं म्हणजे तेल आणि रसायनं हाताळताना, टाक्या भरताना-उपसताना उडणारी सेंद्रिय वाफ: बेंझिन, टोल्यूइन आणि त्यांची भावंडं. राष्ट्रीय निर्देशांकाच्या आठ घटकांत यांतलं एकही नाही. बेंझिनला वर्षाला सरासरी घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम अशी कायद्याने मर्यादा आहे, अनेक केंद्रांत ते मोजण्याची सोयही असते, पण मोबाइलवर दिसणाऱ्या रंगात ते मोजलं जात नाही. त्यामुळे माहुलच्या माणसाचं नाक एक सांगत असतं आणि हातातला फोन हिरवा रंग दाखवत असतो. नाक खोटं ठरतं. वस्त्यांचा नकाशा काढायचा म्हणजे यंत्रांची संख्या वाढवायची, एवढाच अर्थ घेतला तर माहुलच्या प्रत्येक गल्लीत यंत्र बसवूनही तिथला नकाशा हिरवाच निघू शकेल. काय मोजायचं हे कुठे मोजायचं याइतकंच वस्तीवर ठरतं.

ही घाण पूर्वेलाच का साठली, यालाही इतिहास आहे. शहराने आपलं नकोसं नेहमी वेशीबाहेर टाकलं. कुर्ला ते चेंबूर हा रेल्वेमार्ग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घातला गेला तो मुळात कचरा वाहून नेण्यासाठी. माणसं त्यावरून नंतर जाऊ लागली. देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७पासूनचं. कत्तलखाना वांद्र्याहून तिकडेच हलवला गेला. वेस पुढे सरकली, पण कचरा जागेवर राहिला आणि त्याच्या कडेने, बहुतेकदा त्याच्याच आधाराने, माणसं वसली. गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडी, मानखुर्द. महापालिकेने २००९मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानव विकास अहवालात हा एम-पूर्व विभाग २४ विभागांत तळाशी होता. दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे पश्चिमेची हवा पूर्वेकडे ढकलतात, म्हणजे पश्चिम उपनगरांच्या रस्त्यांवरचा धूरही अंशतः इकडेच येतो. रात्री मतलई वारे सुटले की उलटा प्रवास. जानेवारी २०१६च्या अखेरीस देवनारच्या ढिगाऱ्याला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहातून दिसला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, आणि शहराला या ढिगाऱ्याची आठवण झाली. ढिगारा तसा वर्षभर कुठे ना कुठे धुमसतच असतो. फरक एवढाच, की तेव्हा तो धूर वेशीच्या आत आला.

तेव्हा वस्तीवस्तीची हवा वेगळी मोजून तिचा नकाशा काढावा, असं म्हटलं की पहिला आक्षेप येतो, आणि तो शास्त्रज्ञांचा असल्यामुळे वजनदार आहे. हवा काही वॉर्डाच्या हद्दी पाळत नाही. पीएम २.५ हे अतिसूक्ष्म कण शेकडो किलोमीटर प्रवास करतात, त्यांचा मोठा हिस्सा तर वायूंपासून हवेतच तयार होतो. मग गल्लीगल्लीचा नकाशा काढून हाती काय लागणार? आक्षेप पीएम २.५पुरता बराचसा खरा आहे. पण सगळी प्रदूषकं सारखी वागत नाहीत, आणि याचा पुरावा अमेरिकेतल्या ओकलंड शहरातून मिळतो. २०१५-१६मध्ये वर्षभर गूगल स्ट्रीट व्ह्यूच्या दोन गाड्यांवर मोजणीची यंत्रं बसवून त्या शहराच्या ३० चौरस किलोमीटर भागातले रस्ते पुनःपुन्हा पालथे घातले गेले. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दर ३० मीटरला एक आकडा होता. डिझेलची काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्या प्रमाणात एकाच रस्त्याच्या दोन टोकांमध्ये पाच ते आठ पटींचा फरक निघाला. शहराबाहेरून आलेली हवा दोन्ही टोकांना सारखीच होती. फरक पाडणारा सिग्नल होता, ट्रकचा तळ होता, भंगाराचा कारखाना होता. त्याच शहरातून दोन महामार्ग जवळजवळ समांतर जातात. टेकड्यांखालच्या सुखवस्तू वस्त्यांजवळून जाणाऱ्या एकावर जड ट्रकना गेली अनेक दशकं बंदी आहे. बंदराजवळच्या, कृष्णवर्णीय आणि गरीब वस्तीला लागून जाणाऱ्या दुसऱ्यावर नाही. त्या ट्रकना जायला तोच रस्ता उरतो. हवा हद्दी पाळत नसेल, पण ट्रक पाळतात, आणि हद्द कुणी आखली हे नकाशावर दिसतं. तेव्हा उत्तर असं: शहरावर पसरलेला समान थर वेगळा, त्याच्यावर वस्तीवस्तीने चढलेला वेगळा. पहिल्यासाठी राज्यांनी एकत्र बसावं. दुसऱ्यासाठी मात्र वॉर्ड ऑफिसरने जागचं उठलं तरी बरंच काही होईल.

दुसरा आक्षेप यंत्रांचा. सरकारी केंद्राला कोटीच्या घरात खर्च येतो, तशी यंत्रं गल्लोगल्ली बसवता येत नाहीत. आणि जी स्वस्त सेन्सरं मिळतात ती भरवशाची नाहीत. हे सेन्सर म्हणजे असतं काय? जेवणाच्या डब्याएवढी प्लॅस्टिकची पेटी. आत छोटा पंखा हवा ओढतो, त्या हवेवर लेसरचा बारीक किरण पडतो, कणांवर आपटून विखुरलेला प्रकाश एक डोळा टिपतो, आणि त्यावरून वजनाचा अंदाज बांधला जातो. अंदाज म्हणायचं कारण असं, की दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात. पेटीला ते जाडजूड दिसतात आणि ती आकडा चढवून सांगते. मुंबईसारख्या शहरात, जिथे पापडसुद्धा उघडा ठेवला की तासाभरात मऊ पडतो, हा दोष लहान नाही. पण तो अनाकलनीयही नाही. स्वस्त पेटी काही महिने सरकारी केंद्राशेजारी ठेवायची, दोघांचे आकडे ताडून पाहायचे, दमटपणाची वजावट बसवायची. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि आयआयटी कानपूर यांनी नोव्हेंबर २०२० ते मे २०२१ या काळात मुंबई परिसरात नेमकं हेच केलं. १५ केंद्रांजवळ देशी कंपन्यांचे ४० सेन्सर लावले आणि ही यंत्रं नीट जुळवून घेतली तर कामाची आहेत असं दिसलं. पन्नासच्या जागी पंचावन्न सांगणारी पेटी कोर्टात कदाचित टिकणार नाही. पण शेजारच्या गल्लीत पन्नास आणि इथे रोज पहाटे चारला दीडशे, हे ती खात्रीने सांगते. तपास कुठून सुरू करायचा हे कळायला तेवढं पुरतं. मग तिथे खरं यंत्र न्यावं.

तिसरा आक्षेप सहसा छापला जात नाही, बैठकांत बोलला जातो: असे नकाशे निघाले तर त्या भागांची बदनामी होईल, घरांच्या किमती पडतील. यात रहिवाशांचीही थोडी भीती आहे, ती हसण्यावारी नेऊ नये. पण घरभाड्याला हवा केव्हाचीच कळलेली असते. कळत नाही ती फाइलीला. माहुलमध्ये प्रकल्पबाधितांसाठी ७२ इमारती उभ्या राहिल्या, तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून लोकांना तिथे धाडण्यात आलं. ते न्यायालयात गेले, आणि २०१९मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना तिथे राहण्याची सक्ती करता येणार नाही अशी भूमिका घेत दुसरीकडे राहण्यासाठी महिना १५ हजार रुपये भाडं देण्याचा आदेश दिला. इमारतींचा आराखडा मंजूर करताना हवेचा नकाशा टेबलावर ठेवणं बंधनकारक असतं, तर ही सगळी यातायात टळली असती. मानखुर्द-गोवंडीतल्या पुनर्वसन वसाहतींचंही तसंच. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये इमारतींमधलं अंतर इतकं कमी, की खालच्या मजल्यांवर ना ऊन पोहोचतं ना वारा. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेच्या अभ्यासात तिथे क्षयाचं प्रमाण मोकळ्या मांडणीच्या वसाहतीपेक्षा कितीतरी अधिक आढळलं. म्हणजे नकाशा खिडकीपाशी थांबूनही चालत नाही. बाहेरची हवा वाईट आणि आतली कोंडलेली, असं दुहेरी असतं.

आता राहिला तो सगळ्यांत प्रामाणिक आक्षेप: किती मोजणार? धूळ, वाहनं, कारखाने, कचरा ही कारणं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहेत. मोजण्यावरचा पैसा कामावर लावा. हे ऐकताना पटतं. पण शहरभराची सरासरी हातात असली की कामाचं काय होतं, ते राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात दिसलं आहे. २०१९मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात शहराची प्रगती मुख्यतः पीएम १०च्या, म्हणजे जाड धुळीच्या, शहरी सरासरीवर जोखली जाते. साहजिकच रस्ते धुणारे टँकर आणि झाडू मारणाऱ्या गाड्या आल्या, कारण आकडा त्यांनी हलतो. पहाटेच्या भट्टीने किंवा माहुलच्या वाफेने तो हलत नाही. दिल्लीत तर मोजणी केंद्रांभोवतीच पाणी मारल्याचे आरोप गाजले. सरासरीला वॉर्ड नसतो, म्हणून तिचा जाब कुठल्याच वॉर्ड ऑफिसात विचारता येत नाही. शेवटी सगळे वाऱ्याकडे बोट दाखवतात: यंदा वारा पडला, थंडी लांबली.

आणि वस्तीपाशी मोजलेल्या आकड्याची ताकद किती, हे लंडनमध्ये दिसलं आहे. एला अडू-किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी २०१३मध्ये दम्याने गेली. तिचं घर साउथ सर्क्युलर या वर्दळीच्या रस्त्यापासून जेमतेम २५-३० मीटरवर होतं. तिच्या आईने लढा दिला, प्राध्यापक स्टीफन होलगेट यांनी एलाच्या रुग्णालयातल्या खेपा आणि घरापासून मैलभरावरच्या मोजणी केंद्रातल्या नोंदी एकमेकांपुढे ठेवल्या, आणि डिसेंबर २०२०मध्ये मृत्यूच्या कारणांत वायुप्रदूषणाची नोंद झाली. ब्रिटनमध्ये असं पहिल्यांदाच घडलं. लंडनच्या सरासरीतून ती नोंद कधीच निघाली नसती. मैलभरावर यंत्र होतं म्हणून निघाली. आपल्याकडे खोकणाऱ्या माणसानेच सिद्ध करायचं असतं की त्याच्या गल्लीतली हवा वाईट आहे. त्या गल्लीची नोंद असेल तर खुलासा दुसऱ्याला द्यावा लागतो, आणि माझ्या मते वस्त्यांच्या नकाशाचं खरं काम हेच आहे. फुप्फुसं साफ करण्याचं काम तो करत नाही; कुणाला उत्तर द्यावं लागेल ते तो बदलतो.

म्हणूनच मोबाइलवर दिसणाऱ्या गुळगुळीत रंगीत नकाशांपासून जरा सावध राहावं लागतं. दोन यंत्रांच्या मधली जागा गणिताने भरून काढलेली असते, हिरव्यातून पिवळा, पिवळ्यातून केशरी असा रंग झिरपत जातो, आणि पाहणाऱ्याला वाटतं की इंच न् इंच मोजलेला आहे. जुन्या भूमापकांची रीत बरी होती. ज्या मुलखात साखळी पोहोचली नाही तो ते कोरा सोडत. मुंबईच्या हवेचा तसा नकाशा काढला तर त्यावर तीसेक ठिपके राहतील आणि बाकी कागद पांढरा. ज्या भायखळ्याने डिसेंबरचा तो निर्णय घडवला, त्या भायखळ्यातलं पालिकेचं यंत्रही राणीच्या बागेत आहे, शहराच्या त्या भागातल्या सर्वांत दाट झाडीशेजारी. बागेतून २००चा आकडा आला. मदनपुऱ्याच्या गल्ल्या, नागपाड्याचा नाका, जे. जे. उड्डाणपुलाखालचा रस्ता इथे त्या दिवशी आकडा किती होता, याची नोंद बागेत नव्हती.